खंडेनवमीचं कुंकू

दसऱ्याच्या दुपारी मीनाक्षीवहिनींचा फोन आला, तेव्हा नीलाला आधी हसूच आलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय! गाझियाबादच्या त्या सोसायटीत मराठी बिऱ्हाडं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांत कॉम्प्युटर दुरुस्त करू शकणारी एकटी नीला. नोएडाच्या ऑफिसात तिचं कामच ते. सणामुळे दुकानं बंद, म्हणून वहिनींना ती आठवली.

संक्रांतीला नव्हती आठवली. तिच्या नवऱ्याला, राघवला, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वहिनींच्या हळदीकुंकवाचं बोलावणं सगळ्यांना होतं, म्हणून नीला गेली. वहिनी करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत आल्या, तिच्यापाशी थबकल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या. "तू तिळगूळ घे हं, गोड बोल," एवढंच म्हणाल्या. बाकीच्या बायका आपापल्या पदराकडे बघत बसल्या. तो अपमान नीलाने गिळला, पण पचवला नाही. तेव्हापासून ती डूख धरून होती.

आज दिवाणखान्यात त्याच बायका होत्या. दिल्लीकडे आपटा कुठला, तबकात कचनारची, म्हणजे कांचनाचीच पानं सोनं म्हणून ठेवलेली.

"नीला, देख ना यार, सकाळपासून असंच!" वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. "पंखा फिरतो आणि बंद. संध्याकाळी मंडळात दाखवायची फिल्म यातच आहे गं. केवढी खपले मी! कॉपीसुद्धा नाही कुठे."

नीलाने कॉम्प्युटरच्या डब्याचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घुमला आणि लगेच सगळं गप्प. तिने प्लग बदलला, वायरी काढून परत लावल्या. पुन्हा तेच. मग ती गुडघ्यावर बसली आणि तिला दिसलं. बटणाभोवती लालभडक लेप. ओलं कुंकू, त्यावर अक्षता, सगळं फटीत उतरून सुकलेलं. बटण दाबलं की आतच रुतून बसत होतं, आणि बटण दाबलेलंच राहिलं तर मशीन बंद पडणारच.

"खंडेनवमीची पूजा कोणी केली?" तिने विचारलं.

"मीच. बिल्कुल साग्रसंगीत!" त्या धास्तीतही वहिनींचा आवाज फुलला.

नीलाने पर्समधली पिन काढली. फटीतलं कुंकू हळूहळू कोरलं, कडा रुमालाने पुसल्या. बटण वर आलं. सगळ्यांकडे तिची पाठ होती, त्यामुळे ते कोणाला कळलं नाही. ती उठली.

"वहिनी, करंडा आणा."

"कशाला गं?"

"या डब्याला लावलंत तसं मलाही लावा. मग चालू करते."

स्वरूपा नावाची शेजारीण उगाचच खोकली. वहिनी चाचरल्या, "अगं, असं कसं... रीत असते..."

"अच्छा. मग निघते मी." नीलाने पर्स खांद्याला अडकवली.

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि मुकाट्याने आत जाऊन करंडा आणला. बोट नीलाच्या कपाळाला टेकलं. या वेळी एकही बाई पदराकडे बघत नव्हती.

नीलाला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला फार बरं वाटेल. आणि खरंच, फार बरं वाटलं.

मग तिने बटण पुसलेल्याच रुमालाने कपाळ स्वच्छ पुसलं.

"तुमचं कुंकू मला नकोच होतं, वहिनी. तुम्हाला ते लावावं लागतंय, हे बघायचं होतं." तिने बोटाने बटण दाबलं. पंखा घुमला, घुमतच राहिला, आणि पडदा उजळला. "हे तर मघाशीच सुटलं होतं."

वहिनी करंडा धरून तशाच उभ्या. नीलाने तबकातलं एक पान उचललं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

"सोनं घ्या," ती म्हणाली, "सोन्यासारखं राहा."