झेंडूच्या चौकटीतला फोटो

"सोनल, एक नंबर झालंय सगळं. फक्त एक छोटा चेंज आहे," भगवानदादा फोनवर म्हणाला आणि सोनलने डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांच्या नोकरीत छोटा चेंज तिला अजून भेटायचा होता.

ठाण्यात माजिवड्याला एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर तिचा स्टुडिओ होता. तिचा म्हणजे मालकाचा. तिची फक्त खुर्ची, आणि तीही एका बाजूला कललेली. तिथे बसून ती पडद्यावर हलणारी चित्रं बनवायची. लग्नाची आमंत्रणं, नेत्यांचे वाढदिवस, क्लासच्या जाहिराती, आणि वर्षातून एकदा कोलशेतला स्वतःच्या गल्लीतल्या मंडळासाठी नवरात्राची फिल्म. भगवानदादा त्या मंडळाचा अध्यक्ष. मांडवाशेजारच्या मोठ्या एलईडी पडद्यावर ती फिल्म नऊही दिवस फिरत राहायची.

अशी फिल्म म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. एका काचेवर चेहरा, दुसरीवर हार, तिसरीवर चमचम. वरची काच खालचीला झाकते. प्रत्येक काचेला, म्हणजे लेअरला, नाव दिलं नाही तर कॉम्प्युटर आपणहून आकडे टाकतो, आणि मग कुठला हार कोणाच्या गळ्यात ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. सोनल न चुकता नावं द्यायची. ‘साहेब मोठे’, ‘साहेब मोठे हार’, ‘साहेब धाकटे’. कोण पुढे आणि कोण मागे, यावर तर रामायण व्हायचं. एका वर्षी उपाध्यक्षांचा खांदा खजिनदारांच्या खांद्याखाली गेला, तर उपाध्यक्ष होळीपर्यंत मंडळाकडे फिरकले नव्हते. माणसांचे चेहरे मागेपुढे करण्यातच आपलं आयुष्य चाललंय, असं तिला हल्ली वाटायचं. वाटून घ्यायलाही फारसा वेळ नसायचा.

नावं द्यायची सवय तिला वडिलांकडून आली होती. गुणाजी कोलशेतच्या एका कंपनीत वायरमन होते. पडदा येण्याआधी मंडळाची रोषणाई त्यांच्याकडे असायची. लाकडी फळ्यांवर रंगीत बल्ब लावून ते देवीचं चक्र फिरवायचे, कारंजं उडवायचे. मागे वायरींचं जंगल, पण प्रत्येक वायरीच्या टोकाला चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने नाव. ‘चक्र आतलं’, ‘कारंजं डावं’. पडदा आला तेव्हा त्या फळ्या भंगारात गेल्या. पोटमाळ्यावरून त्या खाली उतरवायला गुणाजींनीच हात लावला होता. त्या रात्री ते नेहमीसारखे जेवले.

पुढच्याच वर्षी सोनलने फिल्मच्या शेवटी ‘ज्येष्ठ कार्यकर्ते’ असं शीर्षक टाकून त्यांचा फोटो घातला. पांढरा शर्ट, जोडलेले हात, भोवती झेंडूची चौकट. सुरुवातीला त्या शीर्षकाखाली बरेच जण होते. एकेक करून ते श्रद्धांजलीच्या पाटीवर गेले आणि आता गुणाजी एकटेच उरले होते. दर वर्षी पहिल्या माळेला, आरती झाली की ते समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर उभे राहायचे, स्वतःचा फोटो बघायचे आणि घरी येऊन जेवायला बसायचे. तेवढाच त्यांचा सत्कार. पण त्यासाठी ते वर्षभर थांबायचे, हे सोनलला ठाऊक होतं.

छोटा चेंज असा होता की चांगदेवशेठना घ्यायचं होतं. त्यांचे पाण्याचे टँकर होते आणि साहेबांकडून तसा शब्द आला होता. कुठे घ्यायचं, असं सोनलने विचारलं.

"ते लास्टला आहे ना, ज्येष्ठ कार्यकर्ते, तिकडेच टाक. हेडिंग ‘विशेष सहकार्य’ कर."

"दादा, तिकडे माझे बाबा आहेत."

 भगवानदादा म्हणाला की त्याला ते माहीत आहे, पक्कड धरायला तो काकांकडूनच शिकलाय. पण फिल्म आणखी लांबवता येत नाही, साहेब मांडवात थांबतात किती. पुढच्या वर्षी काकांना मोठ्ठं घेऊ.

"आणि तसंही काकांना आता कुठे दिसतंय गं," तो म्हणाला. त्यात वाईट बोलायचा त्याचा हेतू नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

नाही म्हणता आलं असतं. पण मग दहा फोन आले असते, मालकाने कपाळाला आठ्या घातल्या असत्या, आणि शेवटी दुसऱ्या कोणीतरी तेच केलं असतं. सोनल दमलेली होती. भांडायला जी ताकद लागते ती तिच्याकडे त्या दिवशी नव्हती, आदल्या दिवशीही नव्हती.

काम सोपं होतं. जुन्या फोटोच्या जागी नवा द्यायचा, की तो त्याच चौकटीत बसतो, डावीकडून तसाच झुलत येतो, तसाच थांबतो. चांगदेवशेठही पांढऱ्या शर्टात होते आणि त्यांचेही हात जोडलेले होते, कारण पडद्यावर येणारा प्रत्येक जण तसाच फोटो पाठवतो. तिने शीर्षक बदललं, खालचं नाव बदललं. लेअरचं नाव ‘बाबा’ होतं. ते बदलायला तिने कर्सर नेला, आणि तसाच परत आणला.

पहिल्या माळेच्या संध्याकाळी गुणाजींनी फोटोतलाच शर्ट घातला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरांनी ऑपरेशन श्रावणातच करा म्हणून सांगितलं होतं, पण हिरवी पट्टी बांधून देवीसमोर जाणार नाही, असं म्हणून त्यांनी ते दिवाळीवर ढकललं होतं. सोनल सकाळपासून त्यांना सांगायचं म्हणत होती. गर्दी असेल, आज राहू दे, एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"टेंभी नाक्याची देवी आहे का ती, एवढी गर्दी व्हायला? आपली गल्ली आहे," गुणाजी म्हणाले. आई आतून म्हणाली, जा गं त्यांच्याबरोबर, पायरी दिसत नाही त्यांना.

आरती झाली. दोघं बंद दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. वाटेत सांगू, असं तिने ठरवलं होतं, ती वाट संपली होती. पडद्यावर देवी आली, साहेब मोठे आले, साहेब धाकटे आले, सगळे पदाधिकारी ज्याचा त्याचा खांदा सांभाळून आले. मग डावीकडून झेंडूची चौकट झुलत आली.

गुणाजी ताठ उभे राहिले. कॉलरचं बटण लागलंय का ते त्यांनी बोटांनी चाचपून बघितलं.

"आलो बघ," ते म्हणाले.

सोनलने पडद्याकडे बघितलं नाही. त्यांच्या तोंडावर झेंडूचा उजेड पडला होता आणि ते हसत होते. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

"यंदा मी जरा जाड दिसतोय का गं?"

"कॅमेऱ्यात तसं दिसतं, बाबा."

ते पटल्यासारखी त्यांनी मान हलवली. घरी चला, जेवायचं थांबलंय, असं ती म्हणाली. पण ते हलेनात.

"थांब, अजून एकदा बघू. पुढच्या वर्षी डोळे झालेले असतील, मग नीट दिसेल."

ती थांबली. देवी आली, साहेब आले, सगळे येऊन गेले. पुन्हा चौकट आली. चांगदेवशेठ हात जोडून उभे होते. पायरीवर गुणाजींनीही हात जोडले, फोटोत जोडायचे तसेच, आणि चौकट निघून जाईपर्यंत तसेच धरून ठेवले.

सोनलने त्यांचा कोपर धरला.

"बाबा, पायरी आहे," ती म्हणाली, आणि दोघं घराकडे निघाले.