पहिलं बरं की दुसरं

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. समोरच्याच्या डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं धरायचं आणि विचारायचं, "पहिलं बरं की दुसरं?" दिवसभर हेच. या धंद्यानं मला एक खोड कायमची लावली. कुठलीही वस्तू मला एकटी अशी बघताच येत नाही; शेजारी दुसरी ठेवल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. लग्न ठरलं तेव्हा मी या धंद्यात नव्हतो म्हणून बरं, नाहीतर बायको अजून माझ्या उत्तराची वाट बघत बसली असती.

बायको व्हायोलिन वाजवते. शाळेत मुलांना शिकवते आणि चौघांच्या एका संचात वाजवते. यंदा शहराच्या मोठ्या वाद्यवृंदात एक जागा रिकामी झाली. अर्जासोबत रेकॉर्डिंग हवं होतं. घरात सतरांदा वाजवून जोडलेलं नव्हे, श्रोत्यांसमोरचं, सलग, काटछाट न केलेलं. तिच्या संचाची मैफल जवळ आली होती, तीच रेकॉर्ड करायचं ठरलं. वयाची अट अशी होती की पुढच्या वर्षी तिला अर्जच करता आला नसता. "नीट रेकॉर्ड करशील ना?" तिनं विचारलं. यावर शहाण्या माणसानं 'हो' म्हटलं असतं. मी म्हणालो, "आधी तुलना करावी लागेल."

पहिला रेकॉर्डर आणला त्याच्या डोक्यावर दोन छोटे माइक तिरके बसवलेले होते. त्यात सूर स्वच्छ यायचा, पण वरच्या पट्टीत कानाला टोचायचा. दुसरा खिशात मावणारा. त्याचा आवाज मऊ, पण जरा शांतता झाली की सूंसूं करायचा. मग स्टँडवर लावायचे सुटे माइक आले, त्यांच्या केसाळ टोप्या आल्या, वायरींची भेंडोळी आली. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. बायको मधोमध उभी राहून तोच तो संथ भाग वाजवायची आणि मी माइकला खेटून, हेडफोन लावून, डोळे मिटून बसायचो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला मी मोठा रसिक वाटलो असतो.

पण काहीही लावलं तरी रेकॉर्डिंगमध्ये एक बारीक शिट्टी यायची. यायची, जायची, पुन्हा यायची, आणि नेमकी संथ भागातच. आवाज आपोआप वाढवणारी सोय बंद केली. वायर बदलली. फ्रिज बंद केला. दूध नासलं, शिट्टी तशीच. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना पंखा बंद करायला सांगून आलो. ते अजून जिन्यात मला पाहून तोंड फिरवतात. पहिला रेकॉर्डर दुकानदाराकडे परत नेला आणि यंत्रात दोष आहे असं इतक्या अधिकारवाणीनं सांगितलं की त्यानं माफी मागून बदलून दिला. बदललेलाही शिट्टी घालायला लागला. मेव्हण्यानं एकदा आपल्या फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. "भाऊजी, हे काय वाईट आहे?" असं त्यानं विचारलं. माइकचा पडदा किती रुंद असावा यावर मी त्याला जे ऐकवलं, त्यानंतर तो जेवायलाही थांबला नाही.

मैफलीच्या आठवड्यात दुकानात एक आजी आल्या. डोळ्याच्या आत बघायचं तर तोंडाजवळ तोंड न्यावं लागतं. मी वाकून बघतोय तोच त्या म्हणाल्या, "अहो, तुमचं नाक वाजतंय."

"सर्दी नाहीये मला."

"सर्दीचं नाही हो. शिट्टीसारखं वाजतंय. मघापासून ऐकतेय, मला वाटलं मशीनच आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन रेकॉर्डर चालू केला आणि नुसता बसून राहिलो. पहिला श्वास सुटला आणि माझी जुनी वैरीण हजर. दोष शोधायला मी जितका कान देऊन, श्वास लांबवून बसायचो, तितकी ती खुलून वाजत होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचा हातही थांबला नाही. "माहितीये मला," ती म्हणाली.

"माहितीये म्हणजे?"

"अरे, तुझ्या शेजारी झोपते मी."

"मग सांगितलं का नाहीस? मी त्या वरच्यांचा पंखा बंद करायला लावला."

"सांगितलं असतं तर एक यंत्र ठेवून मोकळा झाला असतास. या निमित्तानं रोज माझ्यासमोर बसायचास तरी. एरवी कधी बसतोस?" घडी घातलेला शर्ट माझ्या हातात देत ती म्हणाली, "ऐकायचास शिट्टीच, ते सोड."

खूप लाज वाटली, आणि मला लाज वाटली की मी कामाला लागतो.

मैफल वाचनालयाच्या हॉलमध्ये शनिवारी आणि रविवारी अशी दोनदा होती. शनिवारी मी सुटे माइक स्टँडवर चढवले, मेव्हण्याची मनधरणी करून त्याला रेकॉर्डरपाशी बसवलं, कशालाही हात लावू नकोस म्हणून बजावलं आणि स्वतः बाहेर जिन्यात जाऊन बसलो. सगळं गाव आत आणि वाजवणारीचा नवरा कचऱ्याच्या डब्याशेजारी. पण रेकॉर्डिंग असं निर्मळ आलं की मी घरभर नाचायचा बाकी होतो. "झालं काम. हेच पाठवू," मी म्हणालो.

"उद्या आत बस," बायको म्हणाली.

"आणि शिट्टी?"

"तोंडानं श्वास घे, जमेल तेवढा. पण मला दिसशील असा बस."

रविवारी तिसऱ्या रांगेत, माइकच्या स्टँडशेजारीच, तोंड उघडं टाकून बसलो. शेजारच्या बाईंनी पर्स उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली. पहिला भाग मी श्वासावर पहारा करण्यात काढला, घशाला कोरड पडली. मग संथ भाग सुरू झाला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून वाजवायला लागली. हा भाग मी इतक्या वेळा ऐकला होता, म्हणजे ऐकला असं समजत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तोंड कधी मिटलं ते कळलंच नाही.

अर्ज सोमवारी जायचा होता. सकाळी तिनं मला खुर्चीत बसवलं, हेडफोन लावून दिले आणि कॉम्प्युटरकडे पाठ करायला लावली. संथ भाग दोनदा ऐकवला, कुठला कधीचा ते सांगितलं नाही.

"पहिलं बरं की दुसरं?"

"दुसरं." विचार करावाच लागला नाही. पहिल्यात सगळं जागच्या जागी होतं, आणि दुसऱ्यात ती कुणाशी तरी बोलत होती. "हेच शनिवारचं ना? शिट्टी नाही त्यात."

"रविवारचं आहे," असं म्हणून तिनं पुन्हा लावलं. शिट्टी होती. व्हायोलिन अगदी हळू झालं होतं तिथेच माझं नाक बेधडक वाजत होतं. जिच्यामागे इतके दिवस हात धुवून लागलो होतो, ती कानाशी येऊन गेली आणि मला पत्ता नव्हता.

"शनिवारचं पाठव," मी घाबरून म्हणालो. "माझ्या नाकापायी तुझं नुकसान होईल."

"निवड तुझीच आहे," असं म्हणून तिनं रविवारचं पाठवून दिलं.

पुढचा महिना मी तोंडानंच श्वास घेतला. तिला प्रत्यक्ष वाजवायला बोलावलं, आणि मग तिला घेतलंही. तिथलं सगळं बोलणं तिनं घरी येऊन सांगितलं. निवड करणाऱ्यांतल्या प्रमुख बाईंनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये कुणी झोपलं होतं का?"

"नाही," ती म्हणाली होती. "तो माझा नवरा आहे. ऐकत होता."