उभं राहायचा पाय

जानेफळात सोजराबाईंची लाथ न खाल्लेला माणूस शोधायचा तर पाळण्यातच शोधावा लागेल. बाई पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय पुढे करून आलेल्या. अशा माणसाने पाठीत तीन लाथा घातल्या की भरलेली उसण उतरते, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. का उतरते, या भानगडीत कोणी पडत नव्हतं. चाळीस वर्षांत बाईंनी दोन सरपंच, एक तलाठी, तीन मास्तर आणि उंद्रीहून खास गाडी करून आलेला एक पुढारी यांना पालथं पाडून लाथा घातल्या होत्या. वर या सगळ्यांनी उठून त्यांच्याच पाया पडून चहा घेतला होता. एवढं सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

आणि दिवाळीपासून नेमकी बाईंची टाच धरली. सकाळी खाटेवरून डावा पाय खाली टेकवला की खिळा घुसल्यासारखी कळ थेट मस्तकात जायची. दहा पावलं चाललं की जरा बरं वाटायचं, आणि बसून उठलं की पुन्हा तेच. बाईंनी विटकर तापवून, तिच्यावर रुईचं पान ठेवून शेक घेतला. रुई संपली, विटकर फुटली, टाच होती तशीच. मेहकरच्या डॉक्टरने टाचेचं हाड वाढलंय म्हणून सांगितलं आणि घरातही मऊ चपला घालायला लावल्या. चपला घालून चुलीपुढे आणि देवापुढे जायचं? बाईंनी त्या डॉक्टरचं शिक्षणच काढलं.

खरी अडचण निराळीच होती. बाई लाथ मारायच्या उजव्या पायाने, पण ती मारताना सगळा भार यायचा डाव्यावर. उसणवाले दारातून परत जाऊ लागले. कधी अमावस्येचं निमित्त, कधी उपासाचं. शेवटी बाईंच्या लाथेतलं सत्त्व गेलं अशी कुजबुज पाणवठ्यापर्यंत पोचली. ती ऐकून बाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

आता यातली गंमत अशी, की टाचेवरचा इलाज त्यांच्याच ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. त्यांची सून डिंपल. पोरगी बी.एस्सी. झालेली, मेहकरहून पायाचे बिंदू दाबायचा कोर्स करून आलेली. तळपायाचा एक रंगीत तक्ता तिने भिंतीवर लावला होता. त्यात अंगठ्यात मेंदू, मधे काळीज, खाली आतडी अशी सगळ्या शरीराची सोय केलेली. हातात सागवानी दांडी, शेजारी तिळाचं तेल आणि काशाची वाटी. दिवसभर उभ्या राहणाऱ्या मास्तरणी यायच्या, एसटीचे वाहक यायचे आणि कण्हत आलेले गुणगुणत जायचे. एका घरात पायाचे दोन दवाखाने झाले होते, एक मारायचा आणि एक दाबायचा. मारणाऱ्या दवाखान्याने दाबणाऱ्याकडे इलाजाला जावं हे सोजराबाईंच्या तत्त्वात बसत नव्हतं. ज्या पायाने गाव बरं केलं तो सुनेच्या मांडीवर ठेवायचा, म्हणजे चाळीस वर्षांवर पाणीच.

पण सोमवारी सकाळी फोन आला. फोन मेहकरच्या विहीणबाईंचा, सत्यभामाबाईंचा. आवाज अगदी खालच्या पट्टीत. त्यांचे यजमान महादेवराव यांना उसण भरून नऊ दिवस झाले होते. वर्तमानपत्र उचलायला वाकले ते तसेच राहिले. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, कमरेला पट्टा झाला. आता ते शनिवारी जानेफळला यायला तयार होते, फक्त कोणाला कळू देऊ नका म्हणत होते.

फोन ठेवून सोजराबाई बराच वेळ भिंतीकडे बघून हसत राहिल्या. महादेवराव म्हणजे डिंपलचे वडील, विज्ञानाचे निवृत्त मास्तर. चार वर्षांपूर्वी बाईंचा मुलगा शेखर आणि डिंपल यांच्या लग्नात, भरल्या पंगतीत ते म्हणाले होते, लाथेने माणूस बरा होत असेल तर गाढवांनाही दवाखाना काढायची परवानगी द्यावी. पंगत हसली होती. बुंदीचा घास बाईंच्या घशात अडकला तो चार वर्षं तिथेच होता. आणि आता तोच माणूस आपल्या पायाने, वाकडा होऊन, त्यांच्या पायाखाली येणार होता. असा योग टाचेपायी हुकला असता तर बाई जिवाला मुकल्या असत्या.

त्या उठल्या, लंगडत ओसरीवर गेल्या आणि डिंपलच्या समोरच्या खुर्चीत बसून डावा पाय पुढे केला.

"दाब," त्या म्हणाल्या. "शनिवारपर्यंत एका पायावर उभं राहाले आलं पाह्यजे मले."

डिंपलने का म्हणून विचारलं. बाईंनी लपवाछपवी केली नाही, सगळं सांगून टाकलं. डिंपल ऐकत राहिली. तिचंही वडिलांशी काही गोड नव्हतं. कोर्स केल्याचं कळलं तेव्हा, लोकांचे पाय दाबायला तुला बी.एस्सी. केलं का, एवढं बोलून ते आठ महिने इकडे फिरकले नव्हते. कॉलनीत मात्र मुलगी मेडिकल लाइनमध्ये आहे असं सांगत होते. हे डिंपलला आईकडून कळलं होतं आणि ते तिला रागावण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

"माझ्या बाबांना लाथ मारायसाठी मी तुमचा पाय बरा करू?" तिने विचारलं.

"हाव."

डिंपलने तेलाची बाटली उघडली.

पाच दिवस तिने सासूला सुटी दिली नाही. टाचेच्या भोवताली दांडी फिरली, तळव्याला काशाची वाटी घासली गेली, बर्फ झालेली पाण्याची बाटली पायाखाली लाटली गेली. पोटरी दाबताना बाईंनी सुनेच्या माहेरच्या सात पिढ्या काढल्या. डिंपल म्हणाली, दुखणं टाचेत दिसत असलं तरी खेच पोटरीची आहे, आणि तिने बाईंना रोज सकाळ-संध्याकाळ भिंत ढकलायला लावलं. शेजारची बनाबाई कुंपणावरून विचारून गेली, घर सरकवून राह्यल्या का. अंगणात कधीही न गेलेल्या, देवासमोरही चालतील अशा कोऱ्या चपलासुद्धा डिंपलने आणल्या. बाईंनी त्यांना हळद-कुंकू लावलं आणि मगच पाय घातले.

तक्त्याकडे बघून बाई एकदा म्हणाल्या, "माह्या पायात काळीज, मेंदू, सारंच हाय म्हंते. अन् मी थे लोकायच्या पाठीत घालून राह्यली चाळीस वर्सं." डिंपल इतकी हसली की दांडी हातातून पडली. तक्त्यामुळे म्हणा, भिंतीमुळे म्हणा की चपलांमुळे, शुक्रवारी सकाळी खाटेवरून उतरताना खिळा टोचला नाही. नुसती टाचणी टोचली.

शनिवारी महादेवराव आले ते रस्त्यावर पडलेलं नाणं शोधत असल्यासारखे. मागच्या अंगणात सतरंजी अंथरलेली होती. चष्मा काढून, इकडेतिकडे बघून ते पालथे पडले आणि सतरंजीत तोंड खुपसून शुद्ध मराठीत म्हणाले की हे केवळ पत्नीच्या समाधानासाठी आहे, त्यात कसलंही तथ्य नाही.

सोजराबाई डाव्या पायावर उभ्या राहिल्या. डिंपल खांद्याजवळ उभी होती, पण टाचेने दगा दिला नाही. पहिली लाथ बसली. दुसरी जरा मनापासून बसली.

"मेलो वं माय," महादेवराव ओरडले. सगळं व्याकरण एका झटक्यात गेलं.

तिसरी लाथ येईना. बाई पाय खाली टेकवून निवांत उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की दोन लाथांवर सोडलेली उसण दुप्पट होऊन पोटात जाते. हा नियम त्यांनी त्याच क्षणी केला होता, पण पालथ्या पडलेल्या व्याह्यांना ते कसं कळणार?

"इवाई, तिसरी पाह्यजे असंन तर एक सांगा. माही सून काय काम करते?"

सतरंजीतून आलं, "मेडिकल..."

"पोटात चालली उसण."

"पाय दाबते," महादेवराव म्हणाले. "माही पोरगी लोकायचे पाय दाबते."

"चांगले दाबते, असं म्हना."

"ते कसं म्हणू?" एवढ्यातही त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "मी अनुभव घेतला नाही. प्रयोगाशिवाय निष्कर्ष काढत नसतात."

हे मात्र सोजराबाईंना पटलं. त्यांनी तिसरी लाथ घातली. ती अगदी हलकी होती, नुसता पाय लावल्यासारखी.

महादेवराव उठले, चष्मा घातला. कमरेत वाकून पाहिलं, वळून पाहिलं. फरक आहे, पण तो कालपासूनच्या गोळ्यांचा असावा, असं ते म्हणाले. बाई हसल्या, उसण कोणाच्या नावावर उतरली याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, लाथा तर बसल्या होत्या. महादेवराव ओसरीच्या थंड फरशीवरून चपलांकडे निघाले आणि डिंपलची नजर त्यांच्या पायांवर गेली. ते चवड्यांवर चालत होते. टाच फरशीला लागूच देत नव्हते.

"बाबा, टाच कधीपासून दुखते?"

ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत म्हणाले, "दोन वर्षं होतील."

"अन् मले सांगितलं काऊन नाही?"

"तुला काय तोंडानं सांगणार होतो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मास्तरांचा राहिला नव्हता.

डिंपलने खुर्ची पुढे ओढली. महादेवराव बसले, पँटची घडी वर केली आणि उजवा पाय तिच्या मांडीवर ठेवून तोंड दुसरीकडे फिरवलं. तिने टाचेवर अंगठा रोवला, तसे ते पुन्हा ओरडले. या वेळीही वऱ्हाडीतच. तोवर सोजराबाई चहा घेऊन आल्या होत्या, कोऱ्या चपला फटफट वाजवत. ही जागा जिभेची आहे का, असं त्यांनी सुनेला विचारलं. डिंपल म्हणाली, नाही आई, टाचच आहे.

"किती दिवस यावं लागेल?" महादेवरावांनी विचारलं.

"एकवीस."

"एकवीस दिवस मेहकरहून जानेफळ. कॉलनीतले विचारतील, मास्तर रोज जातात कुठं? त्यांना काय सांगू?"

"सांगा," डिंपल म्हणाली. तिचा अंगठा टाचेवरच होता, पण दाबायचा थांबला होता. "पोरीकडं पाय दाबून घ्यायला जातो."

सोजराबाई चहाचा कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, दोन्ही पायांवर.

मग महादेवरावांनी दुसऱ्या पायावरचीही पँट वर केली.

"हासुद्धा दुखते," ते म्हणाले.