आचलचा अर्ज

“हे लग्न दोन हजार नऊचं,” खुशालराव म्हणाले आणि दुसरा कागद त्यांनी पहिल्याशेजारी सरकवला. “आणि मुलीचा जन्म दोन हजार सातचा. चंदाबाई, हे कसं?”

चंदाने कागदांकडे पाहिलं. दोन्ही तिनेच जोडले होते. सीमेपलीकडून आल्यापासून तेरा वर्षांत ते किती टेबलांवरून फिरले, पण शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते.

अकोल्याच्या मोठ्या पोस्टातली ही वरच्या मजल्यावरची खोली. नागरिकत्वाचे अर्ज पोस्टातले साहेब तपासतात हे कळलं, तेव्हा शेजारची मैनाबाई म्हणाली होती, “मंग तुले तिकीट चिकटवतीन का व?” दोघी खूप हसल्या होत्या.

“तारीख चुकली असेल तर तसं सांगा,” खुशालराव म्हणाले. “दुसरं काही असेल तर तेही सांगा. पण लेखी द्यावं लागेल. उद्या खोटं निघालं तर मिळालेलं नागरिकत्वसुद्धा जातं. साडेतीनला या.”

बाहेरच्या बाकावर आचल आणि मैनाबाई बसल्या होत्या. आचल उठलीच.

“झालं, अमां? माही बारी कवा?”

“जेवणानंतर. जा, पाणी भरून आण.”

मुलगी बाटली घेऊन गेली. अठरा वर्षांची, केस बापासारखे दाट. अमरावतीच्या फार्मसी कॉलेजात तिला जागा मिळत होती. मागच्या महिन्यात कॉलेज बघायला दोघी गेल्या, ती आचलची अमरावतीची पहिली फेरी. त्या एका दिवसासाठीही पोलिसांकडून चिठ्ठी घ्यावी लागली होती. विना परवानगी जिल्हा सोडायचा नाही, अशी त्यांच्या व्हिसाची अट होती. येताना एसटीत आचल म्हणाली होती, “एकदा आपण इथल्या झालो ना अमां, का मी न सांगता मूर्तिजापूरपर्यंत जाऊन येईन. नुसती.”

अर्ज भरून देणारा माणूस जिन्यात उभा होता. चंदाने त्याला गाठून सगळं सांगितलं. तो जराही दचकला नाही.

“सोपं हाये. लग्न दोन हजार सहाचं होतं, तिकडच्या कारकुनाने सहाचा नऊ केला, असं शपथपत्र करू. तिकडं कोण पाहाले जाते? सीमाच बंद हाये.”

“अन् पकडलं तं?”

“नाही पकडत. पण खरं सांगशीन तं पोरीचा अर्ज लटकला समज. यंदाचं कॉलेज गेलं.”

चंदा पायरीवरच बसली. वाळ्याचं गवत भरून भरून तिच्या बोटांना बारीक चिरा पडल्या होत्या. दर उन्हाळ्यात ती कुलरच्या ताट्या भरायची, बाकीचे महिने पापड लाटायची. नवरा लधाराम गेल्यापासून घर त्यावरच होतं. लधारामचं हे दुसरं लग्न. पहिली बायको मुलगी वर्षाची असताना तापाने गेली. दोन वर्षांच्या आचलला कडेवर घेऊनच चंदा सासरी शिरली. पासपोर्ट काढताना दलाल म्हणाला, आई म्हणून हिचंच नाव टाका, सोपं पडेल. लधारामने टाकलं. अकोल्याला आल्यावर एवढंच म्हणाला, “पोरीला कधी सांगू नकोस.” ते सांभाळायला तिला कधीच जड गेलं नव्हतं.

मैनाबाई शोधत आली. “काहून व, एवढा घाम फुटला तुले?”

चंदाने तिलाही सांगितलं. दहा वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेली बाई, रोज सकाळी मेथीची जुडी जास्तीची टाकणारी. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

“मी अंगठा देल्ला तिथं,” मैनाबाई म्हणाली. “का हे बाई चांगल्या चालीची हाये, मी इले वळखतो. साहेबानं वाचून दाखोलं मले.”

“मावशी, तुमचं नाव मी खराब नाही होऊ देणार.”

“माह्या नावाचं मरू दे. मी मेथी इकतो. पोरीले तू सांगशीन का तो साहेब सांगीन, थे पाह्य.”

चंदा उठली. बाटली घेऊन आचल जिन्याशी आलीच होती. चंदाने तिला हाताला धरून पोस्टाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे लाल पेट्या उलट्या रचून ठेवल्या होत्या. घरात दोघी सिंधीत बोलत. चंदा सिंधीतच बोलली, थोडक्यात, कुठेही न थांबता. थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

आचल ऐकत राहिली. बाटलीचं झाकण तिने लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“बाबांनी सांगितलं होतं? लपवायला?”

“हो. पण मलाही तेच हवं होतं.”

“नाव काय होतं तिचं?”

“जेठी.”

“फोटो?”

“नाही. निघताना काही आणता आलं नाही.” चंदाने श्वास घेतला. “साहेबाला खरं सांगितलं तर तुझं हे वर्ष जाईल. खोटं सांगायचं तर तूही सही करायची. आता तू सांग.”

आचलने मान फिरवली. मग एकदम म्हणाली, “मी खोट्यावर सही नाही करणार,” आणि मागे न पाहता जिना चढू लागली. या वेळी तिने ‘अमां’ म्हटलं नाही, हे चंदाच्या लक्षात आलं.

साडेतीनला चंदाने सांगितलं. खुशालरावांनी सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. चंदाने सही केली.

“तुमचा अर्ज मी पुढे पाठवतो, तुमच्या या जबाबासकट,” ते म्हणाले. “मंजुरी वरून येते, माझ्या हातात नाही. मुलीचा अर्ज मात्र नव्याने भरावा लागेल. किती महिने लागतील, सांगता येणार नाही.”

“कॉलेज...”

“ते मी काय सांगू, बाई.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “अर्जासोबतची शपथ आज घ्यायची का? की मुलीबरोबर घेता?”

चंदाने आचलकडे पाहिलं. दुपारपासून पहिल्यांदाच मुलीने तिच्याकडे सरळ बघितलं.

“घे अमां,” ती म्हणाली. “आज घेऊन टाक.”

चंदा उभी राहिली. भारताच्या संविधानाशी खरी निष्ठा बाळगीन, कायदे पाळीन, कर्तव्यं पार पाडीन, असं तिने खुशालरावांमागोमाग म्हटलं. ‘निष्ठा’वर अडखळली, पुन्हा म्हणाली. दाराशी मैनाबाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

मग आचल टेबलाच्या कडेला नवा कोरा अर्ज घेऊन बसली. स्वतःचं नाव तिने भराभर लिहिलं, वडिलांचंही. पुढच्या, आईच्या रकान्यावर पेन थांबलं.

“जे ला एकच मात्रा ना?”

“एकच,” चंदा म्हणाली. “अन् ठी दीर्घ.”

खिडकीतल्या वाऱ्याने कागद उडू पाहत होता. आचलचं लिहून होईपर्यंत चंदाने त्याचा कोपरा दोन बोटांनी दाबून धरला.