परक्या यंत्रातले फर्मे

सुनेला सगळं येत होतं, फक्त गप्प बसता येत नव्हतं, असं मोठ्या बाईंचं ठाम मत होतं. घरात एकवेळ ठीक. घरात भांड्याला भांडं लागायचंच. पण आता ती शिलाईच्या कारखान्यात येऊन चालत्या गाड्याला खीळ घालायला निघाली होती. ऐन कामाच्या दिवशी सर्व्हर बंद करायचा आणि त्याची राखून ठेवलेली प्रत, म्हणजे तो बॅकअप, दुसऱ्याच घडणीच्या यंत्रावर उतरवून बघायचा, असा तिचा हट्ट. का, तर समजा उद्या कारखाना जळाला तर. शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.

मोठ्या बाई शाळेत गेल्या त्या जेमतेम अक्षरओळख होईपर्यंत. पुढचं शिक्षण कात्रीने दिलं. कारखाना त्यांनी एका मशीनवर उभा केला, आणि त्याचा जीव होता फर्म्यांत. फर्मा म्हणजे पुठ्ठ्याचा नमुना. कापडावर ठेवायचा, खडूने आखायचा आणि कापायचं. इस्पितळाचे डगले, शाळांचे गणवेश यांचे फर्मे होतेच, पण लोक लांबून यायचे ते वेगळ्याच फर्म्यांसाठी. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाचा हात कोपरापर्यंतच, कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा दिवस चाकाच्या खुर्चीत जाणारा. अशा माणसांना अंगावर नीट बसेल असा सदरा दुसरीकडे मिळत नसे. बाईंनी त्या फर्म्यांना नावंही आपल्या जिभेला शोभतील अशी दिली होती. तिरपा तराजू, अर्धी बाही, धनुष्य, बैठे सरकार. गिऱ्हाईकंसुद्धा हसत हसत ती नावं सांगून कपडे मागवायची.

चिरंजीवांनी ते सगळं कॉम्प्युटरात घातलं. बटण दाबलं की लांबलचक कागदावर हवा तो फर्मा छापून यायचा. मग जागा अडते म्हणून पुठ्ठे रद्दीत गेले. त्या दिवशी बाईंनी हरकत घेतली होती, पण मुलगा म्हणाला, आई, रोज बॅकअप होतो. रोज पडद्यावर हिरवी खूण यायची आणि पास झालेल्या पोराने निकाल दाखवावा तशी तो ती दाखवायचा. एकदा तर त्याने एक फोल्डर मुद्दाम पुसून, बॅकअपमधून परत आणून, उघडूनही दाखवलं होतं. आणखी काय हवं? सून म्हणत होती, त्याच यंत्रावर बघितलं ते काही बघणं नव्हे. मुलाने हात झटकले. बघू दे तिला, म्हणाला, हौस फिटू दे, बॅकअपमध्ये सगळं आहे. त्या शब्दावर सुनेने जुना सर्व्हर बंद केला.

कित्येक वर्षं न थांबलेली त्याची घरघर थांबली आणि खोली एकदम परकी वाटायला लागली.

टेबलावर सुनेने उसनं मागून आणलेलं दुसऱ्या कंपनीचं यंत्र होतं. बॅकअप त्यावर उतरवला, तर ते उठेचना. सून म्हणाली, आतला जीव जुन्या यंत्राचे हातपाय शोधतोय, त्याला या नव्या हातापायांची ओळख करून द्यायला हवी. तिने ती ओळख करून देणारे कसले कसले ड्रायव्हर घातले, पुन्हा चालू केलं. पडदा निळा होऊन पुन्हा विझला. मुलगा भिंतीला टेकून मजा बघत होता. बाई म्हणाल्या, सासरी आलेल्या पोरीसारखं आहे, रुळायला वेळ लागणारच, काहींना तर अजून लागतोय. दारात उभी असलेली कटिंगवाली फसकन हसली. सुनेने पडद्यावरची नजर काढली नाही.

अखेर ते उठलं. कारखान्याचं नाव आलं, खाली फोल्डरांची रांग आली. तिरपा तराजू, अर्धी बाही, धनुष्य, सगळे शहाण्यासारखे आपापल्या जागी. आता फिटली ना हौस, असं बाई विचारतायत तोवर सुनेने 'तिरपा तराजू' उघडला.

पडद्यावर आलं, जागा सापडत नाही.

तिने 'अर्धी बाही' उघडली. तेच. 'धनुष्य'. तेच. बाईंनी मुलाकडे बघितलं, तर त्याचा चेहरा धुतल्या कापडासारखा झाला होता.

तेव्हा कुठे तो बोलला. मागे कधीतरी सर्व्हरची डिस्क भरली, म्हणून त्याने त्याच पेटीत दुसरी एक डिस्क बसवली आणि सगळे फर्मे तिच्यात हलवले. पहिल्या डिस्कवर नुसत्या वाटा दाखवणाऱ्या खुणा ठेवल्या. बॅकअप मात्र पहिल्याच डिस्कचा चालू राहिला. दुसरीचं बॅकअपला सांगायचं राहून गेलं. जुन्या यंत्रावर तपासलं तेव्हा खूण परत आली, आणि दुसरी डिस्क शेजारीच असल्यामुळे सगळं बिनबोभाट उघडलं. म्हणजे इतकी वर्षं तो घर राखत नव्हता, दारावरची पाटी राखत होता.

बाईंनी जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवलं. सुनेने तो चालू केला. आतून टिकटिक आली, जरा थांबली, पुन्हा आली. पहिली डिस्क दिसली, दुसरी दिसेना. सून खालच्या आवाजात म्हणाली, वर्षानुवर्षं फिरणारी डिस्क एकदा थांबून गार झाली की कधी कधी पुन्हा फिरत नाही.

बाई कापडाच्या ताग्यावर मटकन बसल्या. पुठ्ठे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांदेखत गाडीत चढताना पाहिले होते.

सुनेने वीज काढली, थोडं थांबली, पुन्हा दिली. टिकटिक झाली, मग एक लांब कण्हल्यासारखा आवाज, आणि डिस्क दिसली. सून म्हणाली, ही कुठल्याही क्षणी जाईल. आई, आधी काय काढू? मुलगा घाईघाईने म्हणाला की इस्पितळाचे डगले काढ, मोठं काम तेच आहे, त्याच्यावर कारखाना चालतो.

"तू गप्प," बाई म्हणाल्या. "सरळ माणसाचा डगला कुणीही बेतेल. तिरपा तराजू काढ आधी. मग अर्धी बाही. मग धनुष्य."

त्या एकेक नाव घेत गेल्या आणि सून एकेक फोल्डर परक्या यंत्रात उतरवत गेली. 'बैठे सरकार' अर्ध्यावर अडकलं, मग ते पुढे सरकलं. शाळांचे गणवेश सुरू झाले आणि डिस्क कट्ट करून थांबली. सुनेने पुन्हा वीज काढून दिली, पुन्हा, पुन्हा. या वेळी टिकटिकसुद्धा आली नाही. डगले गेले, गणवेश गेले.

मुलगा बाहेर जाऊन पायरीवर बसला. सून मात्र खाली मान घालून तिथेच उभी राहिली. बटण तिच्याच बोटाने दाबलं होतं आणि आता सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार, हे तिला ठाऊक होतं. कटिंगवालीही दाराआड सरकली. बाई उठल्या, पदर नीट केला, आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"सूनबाई, हे यंत्र तू बंद केलंस, ते मी विसरणार नाही. पण ते मेलं तेव्हा तू समोर उभी होतीस, म्हणून माझी वाकडी माणसं वाचली. ते एखाद्या दिवशी आपलं आपण मेलं असतं, तर आम्ही तोंडात बोटं घालून बघत बसलो असतो. तुझी चूक एकच, नवरा म्हणाला सगळं आहे आणि तू ते खरं मानलंस. पुढच्या खेपेला बंद करायच्या आधी आत हात घालून बघायचं. त्याचं ऐकायचं नाही. आणि मी मध्ये तोंड घातलं, तर माझंही नाही."