संथ पात्याचं यंत्र

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आमची ताई म्हणते. खोटं नाही ते. लिफ्टला जरा उशीर झाला तरी मी जिन्यानं सुटतो. म्हणूनच कारखान्यासाठी मिक्सर निवडायला मला एकट्याला पाठवायचं नाही, हे तिनं आधीच ठरवून टाकलं होतं.

कारखाना म्हणजे पत्र्याच्या छताखालची एकच मोठी खोली. तिथं आम्ही दोघं भावंडं हात धुवायचा द्रवसाबण बनवतो, चांगला दाट, मधासारखा. इतकी वर्षं तो ताईनं लाकडी वल्ह्यानं घोटला. मी वल्हं धरलं की घाईघाईनं जोर लावतो आणि सगळ्याचा फेस करून ठेवतो, त्यामुळे तिनं ते काम माझ्याकडे कधी दिलंच नाही. आता तिचा उजवा खांदा असा धरलाय, की वेणीसुद्धा लेकीला घालून द्यावी लागते. "घोटणं बंद करा, नाहीतर हात कायमचा जाईल," असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. ताईनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वल्हं उचललं. आणलेलं यंत्र नीट चाललं नाही, तर ही बाई परत तेच करणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला धास्ती साबणाची नव्हती, त्या हाताची होती.

यंत्रं विकणारा माणूस टाय लावून होता, म्हणून मी त्याचं नाव टायवाला ठेवलं. त्यानं काचेच्या टाकीत पाणी भरलं, निळ्या रंगाचा थेंब सोडला आणि बटण दाबलं. पंख्यासारखं छोटंसं पातं गरगरलं, मधोमध भोवरा पडला आणि क्षणात सगळं पाणी निळं झालं. मी तर खूश!

"हेच! बांधून द्या."

"पाण्यात काय, चमचासुद्धा चालतो," ताई म्हणाली आणि तिनं पिशवीतून आमच्या साबणाचे दोन कॅन बाहेर काढले. "यात फिरवून दाखवा."

टायवाल्यानं हसत हसत टाकी रिकामी केली आणि साबण ओतला. बटण दाबल्यावर मधला साबण जिवाच्या आकांतानं फिरायला लागला, पण कडेचा जागचा हलेना. त्यानं वेग वाढवला. मग काय विचारता! फेस टाकीच्या काठावर आला, काठावरून टेबलावर आणि टेबलावरून टायवाल्याच्या चकचकीत बुटांवर. ताईनं तोंडाला रुमाल लावला. शेवटी तो बिचाराही हसला.

"दाट मालात हे चालत नाही, मॅडम. हवा ओढून घेतं," त्यानं कबूल केलं. "मागं एक आहे. पण कोणी ते बघायलाच मागत नाही."

मागच्या खोलीतलं यंत्र बघून माझं डोकंच फिरलं. टाकीच्या मापाची एक रुंद चौकट आणि तिच्या कडांना पट्ट्या, टाकीची भिंत पुसत फिरणाऱ्या. फिरणाऱ्या कसल्या, रेंगाळणाऱ्या. बारीक घरघर ऐकू येत नसती, तर मला वाटलं असतं, बंदच आहे.

"हे पोचणार कधी?" मी म्हणालो.

"कुठं पोचायचंय त्याला? गोल तर फिरायचंय," ताई म्हणाली आणि तेच घेतलं.

पहिली बॅच लावली तेव्हा तिनं मला दहादा बजावलं की मीठपाणी शेवटी आणि बारीक धारेनं सोडायचं. साबण त्यानंच दाट होतो. मी थोडा वेळ धार धरली, खरंच धरली. मग कंटाळलो आणि बादली उपडी केली. साबणात मुठीएवढ्या गाठी तरंगायला लागल्या.

"केलंस ना शेवटी?" ताई ओरडली आणि कोपऱ्यातल्या वल्ह्याकडे निघाली.

मी आडवा गेलो. "हात लावून तर बघ त्याला!"

"गाठी मोडायला नकोत? अख्खी बॅच वाया जाईल."

"जाऊ दे वाया! बॅच पुन्हा करता येईल. तुझा हात कुठून आणू मी?"

आवाज चढला तो चढलाच, वर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भांडताना रडू यावं, यासारखी फजिती नाही. ताई थांबली.

"मग करायचं काय आता?"

"वाट बघायची," मी म्हणालो. माझ्या तोंडून हे ऐकून तिला हसू आवरेना.

कारखान्यात खुर्ची नव्हती. ताई कधी बसलीच नाही, तर खुर्ची कशाला लागतेय? मी एक रिकामं पिंप भिंतीलगत उपडं केलं, वर पोतं टाकलं आणि तिला बसवलं. ती अवघडून बसली, नजर टाकीवर. चौकट आपल्या चालीनं गाठींना कडेवरून आत आणत होती, पुन्हा कडेला नेत होती. मुठीएवढ्या होत्या त्या सुपारीएवढ्या झाल्या, मग दिसेनाशा व्हायला लागल्या.

"ताई, बघ गं!" म्हणत मी वळलो, तर ती भिंतीला डोकं टेकून झोपली होती. भरदुपारी, तोंड जरासं उघडं, दोन्ही हात मांडीवर सैल. घरातसुद्धा तिला अशी झोपलेली मी फारशी पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं.

साबण तयार झाला. एक गाठ नाही, फेसाचा बुडबुडा नाही. मी यंत्र बंद करायला उठलो आणि बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात वाटलं, घरघर थांबली की ही जागी होईल. मी बोट काढलं आणि परत खाली बसलो. फिरू दे म्हटलं आणखी थोडा वेळ.