नव्या राष्ट्राध्यक्षांना मी खालून पाहिले

मी माणसे खालून ओळखते. त्याला इलाज नाही. मी एक जुनी चटई आहे.

आमच्या किरिबातीच्या या लहान बेटावर नवे राष्ट्राध्यक्ष आले होते, सपत्नीक. ते दोघे कसे आहेत, हे मित्रांनो, मी तुम्हाला सांगणार आहे.

थांबा, आधी जन्म. केवड्याच्या पानांचे काटे काढले, पाने वाळवली, घासून मऊ केली, आणि माझ्या मालकिणीच्या, ताबेराच्या, आईने मला विणले. सभाघरात पाहुण्यांना चटई अंथरण्याचा मान त्यांच्या घराचा. कितीतरी पाहुणे माझ्यावर बसले, जेवले, ढेकर देऊन गेले. कोणी म्हणे, "वा, काय वीण आहे!" मग मी कोपऱ्यात.

या वेळी गावपरिषदेच्या बाउरोने दोन खुर्च्या आणल्या.

"काकू, ती चटई राहू दे. मोठी माणसं येतायत," तो ताबेराला म्हणाला.

"मग? मोठ्या माणसांना बूड नसतं?"

"खुर्चीवर बसतील की! हिच्यावर तू मासे वाळव."

ताबेराने मला खुर्च्यांसमोर अंथरले. पाहुणे खुर्चीवर बसले, तर तिच्या घराचा मान गेला आणि मी माशांखाली गेले. भीती होतीच. पण खरे सांगते, उत्सुकता जास्त होती.

पावले.

आधी राष्ट्राध्यक्षांची. टाचांना भेगा, खडकांवर, खाऱ्या पाण्यात वावरलेल्या. मला बरे वाटले. पण ते माझ्या काठावरच घुटमळले.

मग बाईंची. एक पाऊल सरळ, दुसरे फरफटत.

"बाईसाहेब, खुर्ची," बाउरो म्हणाला.

"आणि ही म्हातारी मंडळी खाली? त्यांच्या डोक्यावर बसू का मी?"

बाई बसल्या. धपकन. मग तेही बसले.

पण बाईंचा उजवा गुडघा वाकेना. पाय ताठ, तळवा थेट वडीलधाऱ्यांच्या तोंडासमोर. आमच्या सभाघरात हा मोठा अपमान. बाईंनी दोन्ही हातांनी गुडघा दाबला. "वाकत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "ऑपरेशन झालंय."

पाय झाकला की अपमान उरत नाही. पण झाकायला जवळ काय होते? मीच. माझी पाने वाळून कडक झालेली. दुमडली की तुटणार, हे ताबेराला ठाऊक होते. आईच्या हातच्या विणीवरून तिने एकदा बोटे फिरवली, माझे टोक उचलले आणि त्या पायावर टाकले.

कडकन आवाज झाला.

"अहो, चटई मोडली तुमची!" बाई ताबेराला म्हणाल्या.

"असू दे गं पोरी. गुडघा नाही ना मोडला?"

आधी म्हातारे हसले, मग सगळे सभाघर.

राष्ट्राध्यक्ष मला अजून कळलेले नाहीत. ते शेवटपर्यंत काठावरच बसले होते. बाईंना थोडे ओळखते. निघताना त्यांनी माझ्या चिरेत बोट घालून पाहिले. "नवी चटई विणायला बसाल तेव्हा मला बोलवा," त्या ताबेराला म्हणाल्या. "विणता येत नाही, पण पानं घासून देईन."

येतील का? किनाऱ्याला बोट लागली की मी कान देते. बाउरो मात्र दुसऱ्याच दिवशी केवड्याची पाने घेऊन आला. त्यांच्याच पट्टीने ताबेराने माझी चीर विणून काढली.

मित्रांनो, एवढीच विनंती. जुन्या वस्तू नुसत्या ठेवून देऊ नका. वापरा, मोडल्या तर पुन्हा विणा. माझी नवी पट्टी अजून जरा बोचते, पण बसता येते.